नाशिकभोवतीच्या डोंगरवाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला डोंगर शोधावा लागत नाही. नैऋत्येला पांडवलेणीचा त्रिकोणी डोंगर, उत्तरेला चामरलेणी, बोरगड आणि रामशेज, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग. तरीही "डोंगरात जायचंय" म्हणणाऱ्यांची पहिली विचारणा बहुतेक वेळा हरिहर किल्ल्याचीच असते. हे पान त्यांच्यासाठी, आणि ज्यांना आपल्या घरापासून अर्ध्या तासावर किती चांगल्या वाटा आहेत हे अजून ठाऊक नाही त्यांच्यासाठीही. आमचं सांगणं साधं आहे : जवळचे डोंगर आधी चढा, लांबचे आणि अवघड नंतर.

आजवर कधीच डोंगर चढलेलो नाही. सुरुवात कुठून करावी?

चामरलेणीपासून. म्हसरूळच्या बाजूला, शहराच्या अगदी कडेला हा डोंगर आहे. जैन बांधव त्याला गजपंथ म्हणतात आणि त्यांच्यासाठी ते सिद्धक्षेत्र आहे. वरपर्यंत बांधीव पायऱ्या आहेत, वाट चुकायचा प्रश्न नाही. पण पायऱ्या सलग आहेत, आणि त्याच खरं काम करतात. चढताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, थांबा. पोटऱ्या भरून आल्या तर बसा. पहाटे इथे रोज चढणारी साठीतली माणसं दिसतील. ती कशी चढतात ते बघा : छोटी पावलं, एक लय, मध्येच धावणं नाही. डोंगरात चालायचं शिक्षण याहून वेगळं नसतं. देवस्थान आहे, तेव्हा कपडे आणि आवाज दोन्ही त्याला साजेसे ठेवा.

दुसरा पर्याय पांडवलेणी. मुंबई-आग्रा महामार्गावर, शहराच्या मध्यापासून साधारण आठ किलोमीटर. पायऱ्यांनी वीस-पंचवीस मिनिटांत लेण्यांच्या पातळीवर पोहोचता. तिथे एकूण चोवीस लेणी आहेत, सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम एका आईने दगडात कोरून ठेवला आहे. त्या व्हरांड्यात दहा मिनिटं तरी बसा. लेण्यांच्या वरच्या कड्याकडे मात्र जाऊ नका. खालून वाट सोपी दिसते, वर गेल्यावर उतरता येत नाही.

सोपी, मध्यम, अवघड हे कशावरून ठरवता? उंचीवरून?

नाही. अंजनेरीचा माथा सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि हरिहरचा सुमारे १,१२० मीटरवर. म्हणजे अंजनेरी उंच, तरी हरिहर कितीतरी अवघड. आम्ही बघतो ते असं : पायाखाली काय आहे (बांधीव पायरी, मुरूम, घसारा की कातळ), एका बाजूला दरी उघडी आहे का, सावली किती, वाटेत पाणी आहे का, आणि मधूनच परत फिरावंसं वाटलं तर फिरता येतं का. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि कुणीच विचारत नाही. रामशेजवर कुठूनही माघारी वळता येतं. हरिहरच्या जिन्यात तुमच्या मागे पन्नास माणसं उभी असतात.

शिवाय ऋतूने श्रेणी बदलते. जानेवारीच्या सकाळी सोपी असलेली वाट जुलैत मध्यम होते आणि मे महिन्याच्या दुपारी अवघड.

आईवडील साठीच्या पुढचे आहेत. त्यांना कुठे नेता येईल?

पांडवलेणीच्या पायथ्याला नेहरू वनोद्यान आहे. झाडीतल्या पायवाटा, चढ नगण्य, बसायला जागा. गुडघे बरे असतील तर तिथून लेण्यांपर्यंत सावकाश जाता येतं. लक्षात ठेवा, गुडघ्याला त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो. काठी द्यायची असेल तर उतरतीसाठी द्या.

लहान मुलांसाठी कोणता किल्ला?

रामशेज. यावर आमच्यात दुमत नाही.

पेठ रस्त्याच्या बाजूला आशेवाडी हे पायथ्याचं गाव, नाशिकपासून साधारण पंधरा किलोमीटर. मुलांच्या पावलानेही तासाभरात माथा येतो. वाटेत रामाचं देऊळ, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, पडकी तटबंदी, आणि वर भरपूर मोकळं पठार. मुलांना पळायला जागा हवी असते, ती इथे आहे. फक्त कड्याच्या बाजूला एक मोठं माणूस कायम उभं राहू द्या.

आणि गोष्ट सांगायला विसरू नका. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला. मोठमोठे सरदार आले, हात हलवत परत गेले, आणि हा एवढासा डोंगर पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. मुलं माथ्यावर पोहोचली की चारही बाजूंना बघून हमखास विचारतात, "एवढ्याशा जागेत माणसं राहिली कशी?" तेव्हा त्यांना पाण्याच्या टाक्यांपाशी न्या. उत्तराची निम्मी बाजू तिथेच आहे. पाण्यात दगड मात्र टाकू देऊ नका.

अंजनेरी जमेल का? किती वेळ लागतो?

रामशेज दमछाक न होता झाला असेल तर नक्की जमेल. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी गाव आहे, नाशिकपासून वीस-बावीस किलोमीटर. गावातून वर वनखात्याच्या नाक्यापर्यंत कच्चा-पक्का रस्ता जातो. आम्ही गाडी खालीच लावून चालत जाण्याच्या मताचे आहोत. गावातली यादवकालीन जैन मंदिरं गाडीतून जाणाऱ्यांना दिसतच नाहीत, आणि ती फार सुंदर आहेत.

नाक्यापासून पुढे घळीतून पायऱ्या चढतात. दोन्ही अंगांना उभे कातळ, मध्ये थंडगार सावली, कातळात कोरलेलं छोटं लेणं. पायऱ्या संपतात आणि एकदम विस्तीर्ण पठार समोर येतं. इथे बरेच जण फसतात, कारण त्यांना वाटतं आपण पोहोचलो. पठारावर अंजनीमातेचं मंदिर, पुढे पावलाच्या आकाराचं तळं, मग आणखी एक चढ आणि त्यानंतर माथ्यावरचं देऊळ. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक इथे श्रद्धेने येतात. नाक्यापासून जाऊन-येऊन चार-पाच तास धरा.

माकडांचा उपद्रव मोठा आहे. हातात पिशवी धरू नका, सगळं सॅकमध्ये. चणे-फुटाणे टाकणं हे पुण्य नाही. त्यानेच ती अंगावर यायला शिकली आहेत.

अंजनेरीच्या पठारावर फुलं कधी असतात?

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. तेरडा, सोनकी, कवला ही ओळखीची मंडळी सगळीकडे असतातच, पण अंजनेरीचं वैभव म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका. कंदिलासारखं फूल असलेली ही छोटीशी कंदवर्गीय वनस्पती. तिचं नावच या डोंगरावरून पडलं आहे. ती अतिशय दुर्मीळ आहे, आणि तिच्यासारख्या वनस्पतींमुळे व इथल्या गिधाडांमुळे अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

तेव्हा पायवाट सोडू नका. पठारावरचा मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर जाडीचा असतो आणि सगळं त्यावर उगवतं. एका फोटोसाठी चार माणसं गवतात बसली की तेवढा तुकडा त्या वर्षापुरता गेला. फुलाचा फोटो जरूर काढा, पण दुर्मीळ झाडाची नेमकी जागा कुणाला पाठवू नका. कंद उकरून नेणारे लोक आहेत.

ब्रह्मगिरी म्हणजे देवदर्शन की ट्रेक?

दोन्ही. त्र्यंबकेश्वरातून निघणारी बांधीव पायऱ्यांची वाट म्हातारी माणसंही चढतात. वर गोदावरीचं उगमस्थान आणि जटा मंदिर आहे. इथे उभं राहून एक गोष्ट ध्यानात घ्या : अरबी समुद्र इथून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, आणि ही नदी मात्र पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. जाऊन-येऊन चार तास.

दुर्गभांडार हा त्याच डोंगराचा पुढचा टप्पा, पण त्याची जात वेगळी. उभ्या कातळात खोल चिरलेला जिना खाली उतरतो, तळाच्या दरवाज्यातून जवळजवळ सरपटत बाहेर यावं लागतं, मग दोन्ही बाजूंना दरी असलेली अरुंद कातळधार ओलांडून पलीकडे पुन्हा तसाच जिना चढायचा. कोरड्या दिवसांत, माहितगार माणूस बरोबर असेल तरच. पावसाळ्यात नाही. वारा सुटला असेल तर धारेवर पाऊल टाकू नका.

श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी काय असते? आम्ही जाऊ शकतो का?

जरूर. आमच्या मते नाशिककराने एकदा तरी चालावी अशी ही वाट आहे. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर स्नान करून ब्रह्मगिरीला पायथ्याने पूर्ण वळसा घालायचा. तिसऱ्या श्रावण सोमवारी तर रविवारी रात्रीपासूनच माणसांची रीघ लागते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालू राहते. साधारण वीस किलोमीटर. पेगलवाडी, पहिने अशा गावांतून, भाताच्या खाचरांच्या कडेने, डोक्यावर पाऊस आणि तोंडात "बम बम भोले". कित्येक जण अनवाणी असतात.

चढ फारसा नाही, पण अंतर आणि चिखल या दोन्हींची तयारी हवी. नवे बूट घालून येऊ नका. पायाला फोड आले की पुढचे दहा किलोमीटर संपत नाहीत. प्लास्टिकची इरली किंवा पातळ रेनकोट चालतो, छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. गर्दी नको असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या सोमवारी जा, नाहीतर श्रावणातल्या कुठल्याही आडवारी.

हरिहर. कधी, कसा, आणि खरंच तितका अवघड आहे का?

वाट फार लांब नाही. निरगुडपाड्याहून किंवा त्र्यंबकच्या बाजूच्या हर्षेवाडीहून चढता येतं. झाडीतून, मग मुरमाड सोंडेवरून तासा-दीड तासात तुम्ही कातळाच्या पायथ्याला येता. खरा हरिहर तिथे सुरू होतो.

समोर जवळजवळ उभा जिना असतो, शंभरहून अधिक पायऱ्या, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी रुंदी. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना हाताचा पंजा आत जाईल अशी खोबणी आहे. ज्याने ती कोरली त्याने माणसाचा हात कुठे पोहोचतो हे पक्कं जोखलं होतं. बोटं आत गेली की दगडाची धार गुळगुळीत लागते, कित्येक पिढ्यांच्या हातांनी घासलेली. डाव्या-उजव्या हाताने आळीपाळीने धरत, नजर समोरच्या पायरीवर ठेवून चढायचं. दरवाजा लागतो, मग कातळाच्या पोटातून वाकून जाणारी आडवी वाट, आणि पुन्हा जिना. वर तळं, देवळं, घुमटाची एक जुनी कोठी, आणि सगळ्यात वर थोडा कातळ चढून गेल्यावर माथा.

उतरताना तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे. शिडी उतरतो तसं. अपघाताचे प्रसंग इथे घडतात, कारण लोक फोटोसाठी वळतात.

१८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यानंतर इंग्रजांनी या भागातल्या अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या फोडल्या. हरिहरच्या वाचल्या. त्या आता गर्दीने झिजू नयेत एवढं तरी आपण पाहावं. शनिवार-रविवारी इथे जिन्यात तासन्‌तास रांग लागते, आणि अशा वेळी एकाचा तोल गेला तर खालच्या दहा जणांना धोका असतो. प्रशासन गर्दीच्या दिवसांत निर्बंध घालतं, ते निघण्याआधी विचारून घ्या. आमचा सल्ला : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मंगळवार ते गुरुवार, सकाळी सातला पायथ्याला. उंचीची भीती असेल तर जिन्याच्या खाली बसून बघा आणि परत या. तो जिना खालून बघणं हासुद्धा पुरेसा आनंद आहे.

पावसाळ्यात कुठे जावं?

चामरलेणी, पांडवलेणी, रामशेज. पाऊस थांबलेला असेल तर अंजनेरी.

नाशिक शहरात लख्ख ऊन असताना त्र्यंबकच्या बाजूला धो धो पाऊस असतो, हे कायम लक्षात ठेवा. ओढ्याचं पाणी डोंगरावर पडलेल्या पावसाने चढतं, तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने नाही. दुगारवाडीच्या धबधब्याकडे जाताना ओढा ओलांडावा लागतो, आणि तो अचानक भरल्याने पर्यटक पलीकडे अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. गुडघ्यापर्यंत पाणी आणि ओढ असेल तर ओलांडू नका. बहुतेक ओढे पाऊस ओसरला की काही तासांत उतरतात. थांबा.

आणि उन्हाळ्यात?

सूर्योदयाला चढायला सुरुवात, नऊपर्यंत खाली. एप्रिल-मे मध्ये करवंदं, जांभळं असतात, पण सावली नसते. गवत वाळून कोळ झालेलं असतं. बिडी, सिगरेट, चूल, काहीही पेटवू नका. दरवर्षी वणव्यात डोंगरच्या डोंगर काळे होतात. त्यात जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात आणि वनखात्याने व गावकऱ्यांनी लावलेली रोपंही जातात. दूरवर धूर दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मे महिन्याच्या अखेरीस दुपारनंतर वळवाच्या विजा कडाडतात. तेव्हा माथ्यावर असू नये.

वाटेत पिण्याचं पाणी मिळतं का?

नाही असंच धरून चला. टाक्यांतलं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही. माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. लिंबू-मीठ-साखर सोबत असू द्या.

बिबट्या दिसला तर?

नाशिक जिल्ह्यात बिबट्या डोंगरापेक्षा उसात आणि मळ्यात अधिक आढळतो, आणि दिवसा तो माणसाला टाळतो. अंधार पडायच्या आत खाली या, लहान मुलांना पुढे-मागे एकटं सोडू नका. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, उभं राहून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरका.

साप आणि मधमाश्या?

बिबट्यापेक्षा यांची काळजी जास्त करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत. पाय ठेवण्याआधी जागा बघा, कपारीत हात घालू नका. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करू नका. दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला धीर द्या आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्या.

आग्या मोहोळं लेण्यांच्या छतांना आणि कड्यांना असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि दगड मारणं, हे सगळं टाळा. माश्या उठल्या तर तोंड-मान झाकून तिथून दूर निघा, जागेवर हातवारे करू नका.

बूट कोणते घ्यावेत?

तळाला खोल खाचा असलेले कोणतेही. गुळगुळीत तळाचे पांढरे स्पोर्ट्स शूज ओल्या कातळावर घसरतात. महागडे हवेत असं अजिबात नाही.

जिथे जाऊ नये अशा जागा आहेत का?

आहेत. देवळालीजवळचा बहुला किल्ला लष्कराच्या तोफखाना सरावाच्या क्षेत्रात आहे, तिकडे फिरकू नका. बोरगड हे २००८ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि माथ्यावर हवाई दलाचा तळ आहे. तिथे जायचं तर आधी वनखात्याला विचारा. एके काळी बोडका झालेला हा डोंगर नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं राखून पुन्हा हिरवा केला आहे. पायथ्याच्या रस्त्यावरूनही ते दिसतं, ते बघायला मात्र नक्की जा.

लष्करी ठिकाणांमुळे ड्रोनला पोलिसांची परवानगी लागते. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्री मुक्काम करता येत नाही. काही ठिकाणी प्रवेश शुल्क आहे, ते भरा आणि पावती घ्या.

गाडी नाही. कसं जाणार?

त्र्यंबकला एसटीच्या आणि सिटीलिंक या शहर बससेवेच्या बस जातात. अंजनेरी फाट्यावर उतरून चालत जाता येतं. पांडवलेणी आणि म्हसरूळला शहर बस आहे. रामशेजला पेठकडे जाणारी एसटी आणि पुढे थोडी पायपीट. हरिहरला मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी बरी. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेमुळे त्र्यंबकचा रस्ता वारकऱ्यांनी भरलेला असतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात तर त्या बाजूचे डोंगर सोडूनच द्या.

पायथ्याच्या गावात जेवणाची सोय होते का? वाटाड्या मिळतो का?

बऱ्याच ठिकाणी होते, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, पावसाळ्यात रानभाज्या. हर्षेवाडी, निरगुडपाडा भागात बहुतेक आदिवासी कुटुंबं आहेत. पैसे ठरल्याप्रमाणे आणि लगेच द्या, घासाघीस करू नका. वाटाड्या घेतला तर तो काय सांगतो ते ऐका. "दादा, आज नको, वर धुकं उतरतंय" असं त्याने म्हटलं की परत फिरायचं, वाद घालायचा नाही.

गावकऱ्यांच्या अंगणातून, खाचरांच्या बांधावरून वाट जाते. लावणी झालेल्या भातात पाय पडू देऊ नका.

एकटीने गेलं तर चालेल का?

चामरलेणी आणि पांडवलेणीला सकाळच्या वेळी बायका एकट्याने येतात, वर्दळ असते. इतर डोंगरांवर किमान तिघं असावीत, हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे. एकाला इजा झाली तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि एक मदत आणायला जातो.

वाट चुकलो किंवा कुणाला इजा झाली तर?

पहिलं काम : थांबा. धुक्यात वाट शोधत खाली उतरू लागलं की माणूस कड्याच्या तोंडाशी जातो, कारण सह्याद्रीतल्या घळी बहुधा कड्यात संपतात. शेवटची ओळखीची जागा आठवून तिथपर्यंत मागे या. फोन ११२ किंवा १०८ ला. नेटवर्क नसेल तर मोकळ्या सोंडेवर जाऊन प्रयत्न करा. निघतानाच घरी किल्ल्याचं नाव, पायथ्याचं गाव आणि परतायची वेळ सांगून ठेवलेली असली की निम्मं काम होतं. पायथ्याच्या गावातही "आम्ही इतके जण वर चाललोय" एवढं सांगून जा.

बाहेरगावाहून येतोय, हाताशी एकच रविवार आहे. काय करू?

हरिहर नको. पहाटे रामशेज चढा, दहाच्या आत खाली या, शहरात मिसळ खा आणि ऊन कलल्यावर पांडवलेणी. बंद व्हायच्या वेळेच्या तासभर आधी तिकीट काढलेलं असू द्या.